पायातला कुंचा

कोंबडीचा पाय हे विज्ञानाच्या तासाला वापरता येईल असे अत्यंत स्वस्त साधन आहे. चिकनच्या दुकानात तो बहुधा टाकूनच देतात. त्याच्या कापलेल्या टोकाकडे नीट पाहिले तर पांढरेशुभ्र, चकचकीत असे काही दोरे बाहेर डोकावताना दिसतात. मागच्या बाजूचा एक दोरा चिमट्यात पकडून ओढला की बोटे मिटतात. पुढच्या बाजूचा ओढला की उघडतात. ज्यांनी हा प्रयोग वर्गात केला असेल त्यांना मुलांचे चेहरे आठवतील. आधी किंकाळी, मग हसू, आणि मग "सर, मला द्या ना".

आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागातल्या लोणी गावी शिक्षकांच्या एका बैठकीत आम्ही हाच प्रयोग केला. (लोणीच्या शेजारी धामणी आहे. या धामणीचा शरीरातल्या धमनीशी काही संबंध नाही. तिकडे जाणाऱ्या प्रत्येक विज्ञान-शिक्षकाला हा विनोद सुचत असावा, आम्हालाही सुचला.) पाय हातोहात फिरत असताना एका बाईंनी सरळ प्रश्न टाकला: "मुलांनी विचारले की हा दोरा म्हणजे काय, तर सांगायचे काय?" पाच-सहा जणांनी एकदम उत्तरे दिली. कोणी म्हणाले शीर, कोणी नस, कोणी स्नायू. पाठ्यपुस्तक पाठ असलेल्या एकाने 'स्नायुरज्जू' हा शब्द काढला. ज्यांच्या घरात पूर्वी वैद्यकी होती असे एक सर म्हणाले, "कंडरा." एका दोऱ्याला पाच नावे, आणि त्यातली तीन तर शरीरातल्या भलत्याच गोष्टींची.

आम्ही हसून पुढे जाणार होतो. पण मागे बसलेल्या एका शिक्षकांनी आपला पाय पुढे केला. टाचेच्या वर, मागच्या बाजूला, आडवा जुना व्रण होता. लहानपणी गोठ्याच्या पत्र्याची धार लागून तिथे खोल कापले होते. "शीर कापली" असे घरचे म्हणाले, तालुक्याच्या ठिकाणी ज्या दवाखान्यात नेले तिथेही तेच म्हटले गेले. शीर कापली म्हणजे रक्त थांबवायचे. ते थांबले. कातडी शिवली, जखम सावकाश भरली, मुलगा चालूही लागला. पण त्या पायावर टाच उचलून उभे राहणे त्याला पुन्हा कधीच जमले नाही. पळताना तो पाय मागे राहतो, जिना चढताना आपटतो. "मला आज कळते आहे," कोंबडीच्या पायातला दोरा बोटाने दाखवत ते म्हणाले, "की माझे हे तुटले होते. रक्ताची शीर नव्हे."

घोट्यामागच्या त्या जाड दोरीला मराठीत चांगले नाव आहे: धोंडशीर. काही भागांत घोडशीर म्हणतात. धोंड्यासारखी टणक म्हणून धोंडशीर, असा अर्थ ऐकायला मिळतो. नाव नेमके आहे, पण त्याच्या शेपटीला 'शीर' आहे आणि घोटाळा तिथेच होतो. शीर म्हणजे संस्कृतातली सिरा, रक्त वाहून नेणारी नळी. 'शीर आखडली' म्हणताना आपण स्नायूविषयी बोलतो, 'शिरा ताणल्या' म्हणताना दोऱ्यांविषयी, आणि 'शीर सापडत नाही' असे नर्सबाई म्हणतात तेव्हा रक्तवाहिनीविषयी. नसेचेही तसेच. बोलताना कोणाचे काही अडत नाही. धारदार पत्रा लागतो तेव्हा अडते.

हा घोटाळा पहिल्यापासूनचा आहे का, हे पाहावे म्हणून आम्ही सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान उघडले. या ग्रंथाचा काळ नेमका सांगता येत नाही. त्यात अनेक पिढ्यांची भर आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी तो आकाराला येत होता असे धरायला हरकत नाही. म्हणजे जुन्नर ही सातवाहनांची गजबजलेली पेठ होती आणि नाणेघाटातून माणसे व जनावरे ओझी घेऊन चढत-उतरत होती, त्याच सुमाराचा हा ग्रंथ. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात शरीरातल्या गोष्टींची मोजदाद आहे, आणि आमच्या कोंबडीच्या दोऱ्यासाठी तिथे एक नव्हे, चांगले तीन-चार शब्द निघाले.

पहिला शब्द स्नायू. सुश्रुताच्या हिशेबाने ते नऊशे आहेत: हातापायांत सहाशे, धडात दोनशे तीस, मानेच्या वर सत्तर. एका पायाचे दीडशे कसे होतात तेही तो मोजून देतो. प्रत्येक बोटात सहा म्हणजे पाच बोटांचे तीस, तळवा, कूर्च आणि घोटा मिळून तीस, पोटरीच्या भागात तीस, गुडघ्यात दहा, मांडीत चाळीस, जांघेत दहा. हे स्नायू म्हणजे आज आपण म्हणतो ते मांसल स्नायू नव्हेत, हे लक्षात घ्यायला हवे. त्यांना तो 'पेशी' म्हणतो आणि त्या पाचशे मोजतो. त्याचा स्नायू म्हणजे बांधणारा तंतू. फळ्या दोरखंडांनी नीट आवळून बांधलेली नाव जशी पाण्यात भार पेलते, तसे सांध्यांवर स्नायू बांधलेले असल्यामुळे माणूस भार पेलतो, असा दाखला त्याने दिला आहे. आजच्या भाषेत त्यात अस्थिबंधही आले आणि स्नायुरज्जूही.

या स्नायूंचे त्याने चार प्रकार केले: फांद्यांसारखे पसरणारे, गोल, रुंद आणि पोकळ. त्यांतले गोल, म्हणजे दोरीसारखे, ते कंडरा. कंडरा एकूण सोळा. चार पायांत, चार हातांत, चार मानेत, चार पाठीत. वैद्यकीच्या घरातले सर बरोबर होते. हातापायांच्या कंडरांचे टोकाचे कोंब म्हणजे नखे, असेही पुढे म्हटले आहे. हे चुकीचे आहे. नखे कातडीपासून होतात. पण कोंबडीच्या पायात दोरा ओढल्यावर नखी कशी आत वळते हे ज्याने पाहिले, त्याला ही चूक का झाली ते लगेच कळेल. दोरा थेट नखापर्यंत गेल्यासारखाच वाटतो.

तिसरा शब्द मात्र आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हता. कूर्च. शरीरात सहा कूर्च आहेत. हातापायांचे मिळून चार, मानेत एक आणि जननेंद्रियात एक. सहाव्या अध्यायात मर्मांची यादी आहे, तिथे तो पुन्हा येतो. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या मधल्या जागेला 'क्षिप्र' म्हटले आहे. त्याच्या वर, दोन्ही अंगांना, कूर्च. तिथे इजा झाली तर पाऊल वाकडे फिरते आणि थरथरते. घोट्याच्या सांध्याखाली दोन्ही बाजूंना 'कूर्चशिर'. तिथे इजा झाली तर वेदना आणि सूज येते. प्रत्यक्ष घोट्याला, म्हणजे गुल्फाला, मार बसला तर पाय ताठरतो किंवा माणूस लंगडा होतो.

कूर्च या शब्दाचा अर्थ काय? कुंचा. मराठीतला कुंचा आणि चित्रकाराचा कुंचला हे दोन्ही याच शब्दाचे वंशज. संस्कृतात दर्भाच्या जुडीला कूर्च म्हणतात, दाढीलाही म्हणतात. वाग्भटाने शस्त्रक्रियेची हत्यारे सांगताना एका गोल बैठकीवर घट्ट बांधलेल्या सात-आठ सुयांच्या हत्याराला हेच नाव दिले आहे. या सगळ्यांत सारखे काय, हे मुलांना विचारून पाहा. एका टोकाला बांधलेले, दुसऱ्या टोकाला पसरलेले.

आता चप्पल काढून स्वतःच्या पायाकडे पाहा. टाच जमिनीवर ठेवून पाचही बोटे जोरात वर उचला. पावलाच्या वरच्या बाजूला कातडीखाली दोरे ताठ उभे राहतात. घोट्यापाशी ते एकत्र असतात आणि बोटांकडे जाताना पंख्यासारखे पसरतात. नडगीच्या बाहेरच्या अंगाचा एक स्नायू खाली येऊन चार दोऱ्यांत विभागतो आणि धाकट्या चार बोटांना जातो. अंगठ्याला स्वतंत्र दोरा असतो. घोट्यापाशी त्या सगळ्यांवरून एक मजबूत आडवा पट्टा गेलेला आहे. तो नसता तर बोटे वर करताना दोरे धनुष्याच्या दोरीसारखे हवेत उचलले गेले असते. दिवाळीच्या आधी घराला चुना देण्यासाठी घायपाताचा कुंचा करतात, तो डोळ्यांपुढे आणा. वरच्या बाजूला सुतळीचे आवळलेले वेढे आणि खाली मोकळे झालेले तंतू. घोट्याचा पट्टा म्हणजे ती सुतळी. दोन हजार वर्षांपूर्वी ज्याने या जागेला कूर्च म्हटले त्याने मन लावून पाहिले होते, एवढे नक्की.

पण हे त्याला दिसले कसे? याचे उत्तर त्याच पाचव्या अध्यायाच्या शेवटी आहे आणि आम्हाला तो भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्याला शरीर खरोखर जाणून घ्यायचे आहे त्याने प्रेत शोधून पाहावे, असे सांगून सुश्रुत कृती देतो. प्रेताचे सगळे अवयव शाबूत हवेत. माणूस विषाने किंवा दीर्घ आजाराने मेलेला नसावा, शंभरीचा म्हातारा नसावा. आतड्यांतली घाण काढावी. मग मुंज गवत, झाडाची साल, कुश, ताग अशा कशाने तरी ते गुंडाळावे, पिंजऱ्यात घालून वाहत्या नदीत आडबाजूला ठेवावे. चांगले कुजल्यावर, सात रात्रींनंतर, बाहेर काढावे आणि वाळा, केस, बांबू किंवा बल्वज गवत यांच्या कुंच्याने हळूहळू घासत जावे. कातडीपासून सुरुवात करून आतला-बाहेरचा एकेक भाग डोळ्यांनी पाहत जावे. या कुंच्यालाही तिथे 'कूर्च' हाच शब्द आहे.

म्हणजे हातात कूर्च घेऊन घासणाऱ्याला पावलात कूर्च दिसला. एक नाव दुसऱ्यावरून पडले असे सिद्ध करता येणार नाही. शब्द त्याआधीही भाषेत होताच. पण घासता घासता वरचे गळून गेले आणि खालून हातातल्याच वस्तूचे चित्र उघडे पडले, तो क्षण आम्ही कल्पनेत पुन्हा पुन्हा पाहिला आहे.

या पद्धतीचा एक परिणाम ध्यानात घेण्यासारखा आहे. सात दिवस पाण्यात राहिलेल्या प्रेतात मेंदू, आतडी, मऊ मांस हे सगळे लवकर जाते. टिकतात ती हाडे आणि त्यांना बांधणारे चिवट तंतू. ज्यांच्या घरी पाया शिजतो त्यांना हे सांगायला नको. मांस केव्हाच सुटते, पण सांध्याभोवतालचे पांढरे, चिवट काही केल्या सुटत नाही. फार वेळ उकळले की मग ते चिकट, लिबलिबीत होते. त्यातले कोलॅजेन नावाचे प्रथिन उष्णतेने विरघळून जिलेटिन होते, म्हणून. कोलॅजेनचे तंतू दोरीच्या पिळासारखे एकत्र बांधलेले असल्यामुळेच स्नायुरज्जू एवढा ताण सोसतो. सुश्रुताच्या मोजदादीत स्नायू, कंडरा, कूर्च, आणि घोट्या-मनगटांभोवतीची 'जाले' यांना एवढी जागा का मिळाली, आणि मज्जातंतूंचा विचार त्यामानाने का अंधुक राहिला, याचे कारण निदान काही अंशी नदीच्या पाण्यात असावे असे आम्हाला वाटते.

सगळेच बरोबर होते असा दावा मात्र कोणी करू नये. पावलाची हाडे मोजताना सुश्रुत प्रत्येक बोटाला तीन म्हणतो, तर अंगठ्याला दोनच असतात. तळवा, कूर्च आणि घोटा मिळून तो दहा हाडे धरतो आणि टाचेचे एक. आज पावलात एकूण सव्वीस हाडे मोजतात. त्याचा हिशेब सव्वीसच भरतो, पण वाटणी वेगळी आहे. या 'कूर्चातल्या हाडां'मुळे एक वादही झाला. रुडॉल्फ हर्नले यांनी प्राचीन भारतीय अस्थिशास्त्रावर १९०७ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी कूर्च म्हणजे घोट्याजवळच्या लहान हाडांचा झुबका असा अर्थ लावला. त्यांचेही बरोबर असू शकेल. हाडे, त्यांवरचे दोरे आणि मांस अशा सगळ्या जुडीला मिळून ते नाव असावे, असे आमचे मत आहे. ज्या काळी सुरीने थर वेगळे करण्याऐवजी कुंच्याने घासत होते, त्या काळी नावेही जुडीलाच पडणार.

आणखी एका ठिकाणी सुश्रुताचा पाय घसरतो. टाच आणि बोटे यांच्या कंडरा वाताने बिघडल्या की मांडी सरळ करता येत नाही, त्याला गृध्रसी म्हणावे, असे तो निदानस्थानात म्हणतो. गृध्रसी म्हणजे आपली सायटिका, आणि ती दोरीची नव्हे तर मज्जातंतूची व्यथा आहे. पांढरी, लांब, दोरीसारखी वस्तू दिसली की ती ओढणारी दोरी आहे की संदेश नेणारी तार, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. इथे सुश्रुत एकटा नव्हता. प्राचीन ग्रीक लोक दोरीला आणि तारेला एकच शब्द वापरत: न्यूरॉन. त्याचा मूळ अर्थ तात, दोरी, धनुष्याची प्रत्यंचा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस आणि एरासिस्ट्राटस यांनी माणसाची प्रेते फाडून संदेश नेणाऱ्या तारा वेगळ्या ओळखल्या आणि मग तो शब्द हळूहळू त्यांच्याकडे गेला. जुना अर्थ पूर्ण मेला नाही. तळपायाला टाचेपासून बोटांपर्यंत जो चिवट पडदा असतो, ज्याच्या दुखण्याने सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच ठणकते, त्याला आजही शरीररचनेत 'अपोन्यूरोसिस' म्हणतात. मज्जातंतूशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आणि आता मजा. ग्रीक न्यूरॉन आणि वैदिक संस्कृतातला 'स्नावन्' हे शब्द एकाच मूळ शब्दातून आले आहेत, आणि स्नायू त्यांच्याच घरचा. आपली नसही 'स्नसा' या स्नायूच्याच अर्थाच्या शब्दापर्यंत मागे नेतात. म्हणजे पुस्तकातल्या चेतापेशीच्या पाठातला न्यूरॉन आणि स्नायूंच्या पाठातला स्नायू हे भाऊबंद आहेत. वाटणी झाल्यावर मात्र प्रत्येक घरी वेगळा माल गेला. ग्रीकांकडची दोरी मज्जातंतू झाली. बंगालीत स्नायू म्हणजे मज्जातंतू. हिंदीतही स्नायुतंत्र म्हटले की बहुधा मज्जासंस्था समजायची. मराठीत तोच शब्द मांसाकडे गेला आणि त्याच्या मूळ अर्थासाठी आपल्याला 'स्नायुरज्जू' असा नवा शब्द बनवावा लागला. बंगालीतून किंवा हिंदीतून विज्ञानाचे लेख मराठीत आणणाऱ्यांनी इथे हमखास ठेच खाल्लेली आहे. एका भाषांतरात 'स्नायूंच्या दुर्बलतेमुळे आलेली चिंता' आम्ही स्वतः वाचली आहे.

पश्चिमेकडे धोंडशिरेला अकिलिसचे नाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. आईने नदीत बुडवताना टाच धरली, तेवढीच कोरडी राहिली आणि तिथेच बाण लागला. आपल्याकडे कृष्णाच्या तळपायाला जरा व्याधाचा बाण लागतो, तशीच ही गोष्ट. पण होमरच्या इलियडमध्ये ही टाचेची कथा नाहीच. नदीत बुडवण्याची गोष्ट फार नंतर, इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या लॅटिन काव्यात येते. होमरमध्ये घोट्यामागचे दोरे येतात ते हेक्टरचे. त्याला मारल्यावर अकिलिस त्याच्या दोन्ही पायांच्या दोऱ्यांना टाच आणि घोटा यांच्यामध्ये भोके पाडतो, त्यांतून चामड्याच्या वाद्या ओवतो आणि प्रेत रथामागे फरफटत नेतो. खाटिक बकरे टांगताना आकडा नेमका त्याच जागी अडकवतो; सगळ्या धडाचा भार ती दोरी पेलते. अकिलिसचे नाव तिला देणारा फ्लेमिश शरीररचनाशास्त्रज्ञ फिलिप फेरहायेन याने आपला ग्रंथ १६९३ साली छापला. त्याचा स्वतःचा एक पाय तरुणपणीच कापावा लागला होता.

मग आपल्याकडच्या नावांचे पुढे काय झाले? प्रेत फाडून पाहण्याची रीत आपल्याकडे शतकानुशतके मोडून पडली. शब्द पाठ होत राहिले, पाय पाहायचे थांबले. वाग्भटाने पुढे सोळा कंडरा, सोळा जाले, सहा कूर्च असे आकडे श्लोकात बसवले, आणि श्लोक पाठ असला की कूर्च पाहिलेला असण्याची गरज उरली नाही. १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी प्रेतावर सुरी चालवली, १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा डोळ्यांनी पाहणे परत आले, पण नवे शब्द घेऊन. जुन्या शब्दांना पुन्हा शरीरावर नेऊन बसवण्याचे काम विसाव्या शतकात झाले. कलकत्त्याच्या गणनाथ सेन यांनी 'प्रत्यक्षशारीरम्' लिहून एकेका संस्कृत शब्दाला एकच नेमका अर्थ द्यायचा प्रयत्न केला. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली सुश्रुतसंहिता छापली; डल्हणाच्या टीकेसह ती आजही अभ्यासक वापरतात. आणि बनारसला शिकवणाऱ्या भास्कर गोविंद घाणेकर या मराठी डॉक्टरांनी शारीरस्थानावर हिंदीत विस्तृत टीका लिहिली. दोन्ही शास्त्रे शिकलेला माणूस जुन्या शब्दाशी कसा भांडतो आणि कसा समेट करतो, हे तिच्यात पाहायला मिळते.

या धडपडीत कंडरा टिकली. आयुर्वेदाच्या महाविद्यालयांत आणि हिंदी पाठ्यपुस्तकांत ती आहे. कूर्च मर्मांच्या यादीत राहिला, पण पावलावर हात ठेवून 'हा पाहा कूर्च' असे म्हणणारे घर काही मराठीत उरले नाही. शब्दासाठी गळा काढावा असे आम्हाला वाटत नाही. स्नायुरज्जू हा शब्द ठीक आहे, मुलांना तो बोलता येतो. हरवले ते दुसरेच काही. सुश्रुताने या दोऱ्यांना वेगळी नावे का दिली याचे कारण त्याने स्पष्ट लिहिले आहे: हाडे, पेशी, सिरा किंवा सांधे दुखावल्याने माणसाचा जेवढा घात होत नाही तेवढा स्नायू दुखावल्याने होतो, आणि ज्याला बाहेरचे व आतले स्नायू ठाऊक आहेत तोच शरीरात रुतलेले शल्य नीट काढू शकतो. सूत्रस्थानात तर स्नायू कापला गेल्याची खूणच दिलेली आहे. शरीर वाकडे होते, तो अवयव ढिला पडतो, हालचाल करायची ताकद राहत नाही, वेदना फार होतात आणि जखम भरायला फार दिवस लागतात. सिरा कापली गेल्याची खूण त्याने वेगळी दिली आहे.

लोणीला आम्ही ही खूण वाचून दाखवली तेव्हा ते व्रण असलेले शिक्षक बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जखम भरायला अडीच महिने लागले होते." स्नायुरज्जूला रक्ताचा पुरवठा थोडा असतो, म्हणून तो सावकाश सांधतो, हे आजचे कारण. खूण मात्र जुनीच.

धोंडशीर तुटली आहे की नाही हे ओळखायला आज एक अगदी साधी परीक्षा आहे. १९५७ साली इंग्लंडमध्ये सिमंड्स यांनी आणि १९६२ साली अमेरिकेत थॉम्पसन यांनी ती प्रसिद्ध केली. माणसाला पालथे झोपवायचे, पावले बाकाच्या कडेबाहेर लोंबती ठेवायची आणि पोटरी हाताने दाबायची. दोरी शाबूत असेल तर पाऊल आपोआप खाली वळते. तुटली असेल तर ते हलत नाही. "पाय हलवून दाखव" एवढे सांगून भागत नाही, कारण बोटांचे आणि घोट्याच्या बाजूंचे इतर दोरे पाऊल थोडेफार खाली वळवू शकतात आणि तपासणारा फसतो. वेळेवर कळले तर तुटलेली टोके जवळ आणून शिवता येतात. उशीर झाला की पोटरीचा स्नायू आखडून वरचे टोक वर सरकते आणि काम अवघड होऊन बसते. निरोगी पायांवर ही परीक्षा वर्गात करून पाहायला काही हरकत नाही. मुलांना पाऊल आपोआप हललेले पाहून कोंबडीइतकेच आश्चर्य वाटते. पत्रा, काच, विळा यांनी टाचेमागे खोल कापले तर रक्त थांबल्यावरही डॉक्टरांना 'दोरी तपासा' असे सांगायचे, हे त्यांना त्याच वेळी सांगता येते.

बैठक संपताना त्या शिक्षकांनी फळ्यावर चार शब्द एकाखाली एक लिहिले: शीर, नस, स्नायू, स्नायुरज्जू. प्रत्येकापुढे शरीरातली एकच गोष्ट लिहायची असे ठरले. नसेपुढे काय लिहावे यावर वाद झाला आणि ती जागा कोरीच राहिली. धोंडशीर मात्र सगळ्यांनी ठेवायची ठरवली, 'ही रक्ताची शीर नव्हे' अशी तळटीप देऊन.

पुढे त्यांचे पत्र आले. शाळेच्या भिंतींना चुना द्यायला आणलेला घायपाताचा कुंचा त्यांनी सहावीच्या वर्गात नेला, मुलांना बोटे वर करायला लावली आणि कुंचा पावलाशेजारी धरून दाखवला. त्यांच्या दुखऱ्या पायाची मागची दोरी तुटलेली असली तरी पावलावरचे दोरे धडधाकट आहेत; बोटे उचलली की पाचही उठून दिसतात. वर्गात दाखवायला ते तोच पाय पुढे करतात.